शिक्का आणि प्रश्न

कचेरीत काम करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात शिक्क्याला केवढे महत्त्व असते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. आपणांपैकी बहुतेकांचा दिवस 'तातडीचे', 'गोपनीय', 'दप्तरी दाखल' अशा शिक्क्यांच्या संगतीतच जातो. शिक्क्याची मोठी सोय अशी, की तो एकदा कागदावर उमटला म्हणजे कागद वाचण्याचे श्रम वाचतात. 'दप्तरी दाखल' झालेल्या अर्जात काय लिहिले होते, हे पुढे कोणी विचारीत नाही. सरकारी कचेरीने या सोयीचा लाभ घ्यावा, हे एक वेळ समजू शकते. परंतु कागद वाचून त्यातील मजकूर लोकांना सांगणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या वृत्तपत्रांनी आणि वृत्तवाहिन्यांनीही हाच मार्ग पत्करावा, ही गोष्ट क्षम्य नाही. जंगल, नदी, डोंगर यांच्या प्रश्नांवर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या बाबतीत त्यांनी तो पत्करला आहे, असा माझा आरोप आहे आणि तेवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

आरंभीच दोन खुलासे केले पाहिजेत. पहिला नियमांविषयी. १९६४ च्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतील नववा नियम मला सरकारच्या धोरणावर टीका करू देत नाही आणि ती करण्याचा माझा मानसही नाही. अमुक धरण किती उंच असावे किंवा तमुक कारखाना कोठे उभारावा, याविषयी या लेखात माझे मत शोधू नये. वृत्तपत्रांवर टीका करण्यास मात्र त्या नियमांत कोठे मनाई आढळत नाही. तेव्हा तेवढ्या मोकळ्या जागेत मी उभा आहे.

दुसरा खुलासा माझ्या स्वतःच्या अपराधाचा. चंदीगडला येण्यापूर्वी मी एका दुसऱ्या शहरात नोकरीस होतो. रोज सकाळी वर्तमानपत्रे चाळून कात्रणे काढावयाची, ती चिकटवावयाची आणि आलेल्या निवेदनांचा एका ओळीत गोषवारा लिहून वर पाठवावयाचा, हे माझे काम होते. एके दिवशी काही ग्रामस्थांचे एकोणीस पानी निवेदन आले. गावाजवळच्या दगडखाणीविषयी ते होते. त्याच सकाळच्या एका वर्तमानपत्राने त्या ग्रामस्थांना विकासविरोधी ठरविले होते. एकोणीस पाने वाचण्यापेक्षा मथळा वाचणे सोपे होते. मी गोषवारा लिहिला : 'विकासविरोधी गटाचे निवेदन'. साहेबांनी सही केली, त्यांच्यावरच्या साहेबांनी सही केली, आणि कागद दप्तरात गेला. वर्षभराने दुसऱ्याच कारणासाठी ती फाईल माझ्या टेबलावर आली, तेव्हा मी ती पाने प्रथमच उलटली. आत गावातील विहिरींचा तक्ता होता. कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती हात खाली गेले, ते शाळकरी पोराच्या वळणदार अक्षरात लिहिलेले होते. शेवटच्या पानावर एक वाक्य होते, की आमची मुले याच खाणीत कामास आहेत, तेव्हा खाण बंद करा असे आम्ही म्हणत नाही. सुरुंग विहिरींपासून दूर लावावेत, एवढेच मागणे आहे.

ज्यांना मी विकासविरोधी म्हटले होते, त्यांनी विकासाविरुद्ध एक अक्षरही लिहिलेले नव्हते. माझा शब्द वर्तमानपत्राचा होता आणि वर्तमानपत्राचा शब्द कोणाचा होता, कोण जाणे! पण त्या उसन्या शब्दाने विहिरींचा तक्ता एक वर्ष झाकून ठेवला. त्या दिवसापासून असल्या मथळ्यांकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

पर्यावरणाचा कार्यकर्ता जेव्हा बोलतो, तेव्हा तो बहुधा तपासून पाहता येण्याजोगे विधान करीत असतो. या विहिरी आटल्या आहेत. या डोंगराचा उतार धोक्याचा आहे. या कुटुंबांना कबूल केलेली जमीन मिळालेली नाही. या जागेऐवजी ती जागा घेता येईल. असे विधान खरे असेल, खोटे असेल, अर्धवट खरे असेल. ते तपासणे हे बातमीदाराचे काम आहे. परंतु तपासावयाचे म्हणजे जागेवर माणूस पाठवावा लागतो, नकाशे आणि अहवाल वाचावे लागतात, दोन्ही बाजूंना चार अडचणीचे प्रश्न विचारावे लागतात. त्यापेक्षा बोलणारा मनुष्य कोणत्या जातकुळीचा आहे, हे ठरवून टाकणे स्वस्त पडते. म्हणून बातमी विधानाची होत नाही. विधान करणाराची होते. त्याच्यासाठी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत चार शिक्के तयार असतात. पहिला विकासविरोधकाचा, दुसरा परकीय हस्तकाचा, तिसरा भावविवश वृक्षप्रेमिकाचा. चौथा द्रष्ट्याचा, तो दिसावयास गौरवाचा, परंतु परिणामाने पहिल्या तिघांइतकाच घातक आहे.

पहिल्या शिक्क्याचे उदाहरण म्हणून मुंबईच्या आरे वसाहतीचे प्रकरण घेऊ. कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रोच्या गाड्या ठेवण्यासाठी आरेत कारशेड बांधावयाची होती आणि तीसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडावी लागणार होती. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. २९ आंदोलकांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविण्यास सांगितले, तोवर २,१४१ झाडे पडली होती. मेट्रो हवी की झाडे हवीत, अशा धर्तीचा सवाल त्या दिवसांत पडद्यावरून पुनःपुन्हा विचारला जात होता. वस्तुतः मेट्रो नको, असे आंदोलकांचे म्हणणे नव्हते. कारशेड या जागी नको, ती कांजूरमार्गला न्या, असे ते म्हणत होते. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या वेळच्या राज्य सरकारने कारशेड कांजूरमार्गला हलविण्याचा निर्णय जाहीर केला आणि जुलै २०२२ मध्ये नंतरच्या सरकारने तो फिरविला. आता आरेपासून कफ परेडपर्यंतचा मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून पूर्णपणे खुला झाला आहे. गाडी धावू लागली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. कांजूरमार्गच्या जमिनीच्या मालकीचा वाद होता, जागा बदलल्यास खर्च आणि विलंब वाढला असता, हे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही हलके नव्हते. म्हणजे येथे दोन जागांची, दोन खर्चांची, दोन नुकसानींची तुलना करावयाची होती. ती तुलना शेजारीशेजारी मांडून छापलेली किती वाचकांच्या पाहण्यात आली? छायाचित्रे मात्र भरपूर आली. त्यांत चित्रपटांतील ओळखीचे चेहरे होते. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारी वारली माणसे त्या चेहऱ्यांच्या मागे कोठेतरी उभी होती. 'विकास विरुद्ध झाडे' हा सामना एकदा ठरून गेला, म्हणजे 'कोणत्या जागी' हा खरा प्रश्न मैदानाबाहेर राहतो.

दुसरा शिक्का याहून जड आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये बंगळूरच्या बावीस वर्षांच्या दिशा रवी यांना दिल्ली पोलिसांनी अटक केली. येथून, म्हणजे पंजाब-हरियाणातून, गेलेले शेतकरी तेव्हा दिल्लीच्या वेशीवर बसलेले होते. त्यांना पाठिंबा कसा द्यावा, याच्या सूचनांचा एक संगणकीय कागद या तरुणीने संपादित केला आणि इतरांकडे पाठविला, असा आरोप होता. त्या कागदाला 'टूलकिट' असे नाव होते आणि एका रात्रीत तो शब्द घरोघर पोहोचला. त्याच प्रकरणात आपल्या बीडच्या एका तरुण अभियंत्याचेही नाव आले. १६ फेब्रुवारीला औरंगाबाद खंडपीठाने त्याला अटकेपासून तात्पुरते संरक्षण दिले. चौकशी करणे हा पोलिसांचा अधिकार आहे, त्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. परंतु वाहिन्यांनी चौकशी पुरी होण्याची वाटही पाहिली नाही. परकीय कारस्थानाचा निकाल पडद्यावर आधी लागला. अखेर १९ फेब्रुवारीला दिल्ली उच्च न्यायालयाला वाहिन्यांना संयमाची आठवण करून द्यावी लागली, आणि २३ तारखेला सत्र न्यायालयाने पुरावा तुटपुंजा असल्याचे नमूद करून जामीन दिला. अटकेच्या बातमीने जेवढी जागा व्यापली, तेवढी जामिनाच्या कारणांनी व्यापली काय, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

परदेशातून पैसा येतो काय, हा प्रश्न गैर नाही. त्यासाठी २०१० चा परकीय अंशदान नियमन कायदा आहे, संस्थांना हिशेब सादर करावे लागतात. बातमीदाराने ते हिशेब पाहावेत, आकडा सापडला तर तो छापावा. मी प्रथम त्याचे अभिनंदन करीन. आकड्याची जागा नुसत्या कुजबुजीने घ्यावी, याला माझी हरकत आहे. आणि नदी-डोंगराची चिंता हे मुळात विलायतेहून आलेले खूळ आहे, असे सुचविले जाते तेव्हा तर मराठी माणसाने हसावे की रडावे, हे कळत नाही. १९२१ साली टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणाखाली मुळशीच्या खोऱ्यातील जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि मावळ्याला भाताचे खाचर हवे होते. त्या मावळ्याला कोणत्या परदेशी संस्थेने पैसे पाठविले होते? हा झगडा आपल्याच मातीतला आहे आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे.

शिक्क्याचा इतिहासही आपणांस नवा नाही. लंडनच्या 'टाइम्स' पत्राच्या व्हॅलेंटाइन चिरोलने १९१० साली आपल्या ग्रंथात लोकमान्यांना हिंदी असंतोषाचे जनक ठरविले. लोक असंतुष्ट का आहेत, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे टाळावयाचे असले म्हणजे असंतोषाला कोणीतरी जनक शोधावा लागतो. लोकमान्यांनी विलायतेत जाऊन चिरोलवर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ साली ते तो हरले. ती शिवी आपण पुढे बिरुदासारखी मिरविली, हा भाग निराळा. परंतु खाणीशेजारच्या खेड्यातील शेतकऱ्याला लंडनपर्यंत जाता येत नाही आणि त्याच्या शिवीचे बिरुद करणारे राष्ट्रही त्याच्या पाठीशी नसते.

तिसरा शिक्का सौम्य, किंबहुना कौतुकाचा वाटतो. येथून जवळच असलेल्या हिमालयात, रैणी गावी, २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणींनी ठेकेदाराच्या माणसांना झाडे तोडू दिली नाहीत. 'चिपको' हे नाव जगभर गेले आणि त्याबरोबर एक चित्र गेले, झाडाला मिठी मारणारी भाबडी पहाडी स्त्री. त्या चळवळीचा आरंभ कशातून झाला, हे मात्र त्या चित्रात दिसत नाही. १९७३ साली चमोली जिल्ह्यातील दशोली ग्राम स्वराज्य संघाला शेतीची अवजारे करण्यासाठी अंगूची काही झाडे हवी होती. ती नाकारली गेली आणि अलाहाबादच्या एका कंपनीला खेळाचे साहित्य बनविण्यासाठी तशीच झाडे देण्यात आली. जंगल कोणाचे, त्यातील लाकडावर पहिला हक्क कोणाचा, गावाचा की ठेकेदाराचा, असा रोकडा प्रश्न होता तो. तो अर्थशास्त्राचा होता, कायद्याचा होता, प्रशासनाचा होता. बातमीने त्याचे भावगीत केले. भावगीताला दाद देता येते. त्याला उत्तर द्यावे लागत नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा आहे, असे नाही. अमेरिकेत १९६२ साली रेचेल कार्सन यांनी कीटकनाशकांच्या बेसुमार वापराविषयी 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक लिहिले, तेव्हा त्या शास्त्रज्ञ बाईंनाही भावनेच्या आहारी गेलेली स्त्री ठरविण्यास तेथील नामांकित नियतकालिके कचरली नाहीत. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञानविषयक सल्लागार समितीने त्यांच्या म्हणण्याला बहुतांशी दुजोरा दिला आणि १९७२ साली डीडीटीवर त्या देशात बंदी आली. बाई भावनाप्रधान होत्या की नव्हत्या, या प्रश्नाचा पाखरांच्या अंड्यांशी काही संबंध नव्हता.

चौथा शिक्का द्रष्ट्याचा. पुण्याचे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीने आपला अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर केला. तो लोकांसमोर येण्यास मे २०१२ उजाडावा लागला, आणि तोही माहितीच्या अधिकाराचा लढा होऊन. अहवालाने घाटाचे संवेदनशीलतेनुसार तीन विभाग सुचविले होते आणि कोणत्या गावात काय करावे, हे ठरविताना ग्रामसभांना विचारावे, असा त्याचा आग्रह होता. त्यावर शेतकऱ्यांच्या मुळावर उठलेला अहवाल असा शिक्का बसला; केरळात तर त्याविरुद्ध रण माजले. ग्रामसभेचा अधिकार वाढवू पाहणारा अहवाल गावकऱ्यांना त्यांचे हक्क काढून घेणारा वाटला, याचे श्रेय अहवाल न वाचता त्याच्या बातम्या लिहिणारांना द्यावयास हवे.

मग डोंगर कोसळू लागले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले. दीडशेच्या वर माणसे गेली. २०१८ साली केरळात महापूर आला. जुलै २०२३ मध्ये रायगडातील इरशाळवाडी गेली. आणि माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्याच तारखेला, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये गावेच्या गावे वाहून गेली. प्रत्येक वेळी गाडगीळांचे नाव पुन्हा छापून आले. परंतु आता ते शेतकऱ्यांचे शत्रू राहिले नव्हते, द्रष्टे झाले होते. त्यांनी सांगितलेच होते, असे म्हणून हळहळण्यात आले. परंतु त्यांनी नेमके काय सांगितले होते? कोणत्या उतारावर काय करू नये म्हटले होते? ज्या गावावर आपत्ती आली ते त्यांच्या कोणत्या विभागात होते? त्यांचे म्हणणे कोठे लागू पडत होते आणि कोठे नव्हते? द्रष्ट्याला असले प्रश्न विचारावयाचे नसतात. त्याच्यापुढे हात जोडावयाचे असतात. शत्रू असताना जो अहवाल वाचला गेला नाही, तो द्रष्टा झाल्यावरही वाचला गेला नाही. वायनाडच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी, पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राविषयी केंद्राच्या अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला. एक, दोन, तीन नव्हे, सहावा! दहा वर्षांत सहा मसुदे का निघावे लागतात, ही बातमी आहे की नाही?

येथे कोणी म्हणेल, की लेखकाची सहानुभूती एका बाजूला आहे आणि कार्यकर्ते म्हणतील ते सर्व वेदवाक्य मानावे, असे तो सुचवीत आहे. मुळीच नाही. नर्मदेचेच उदाहरण पाहा. मेधा पाटकर यांना आणि नर्मदा बचाव आंदोलनाला विकासविरोधी ठरविण्यात कित्येक वृत्तपत्रांची तीन तपे गेली. त्या आंदोलनाचे एक मुख्य म्हणणे असे होते, की विस्थापितांचे पुनर्वसन लवादाच्या अटींप्रमाणे झालेले नाही. १९७९ च्या लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन आणि तीही बुडण्यापूर्वी द्यावी, असे बजावले होते. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे बाधित झाली. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील आदिवासींची ती गावे. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स आयोगाने १९९२ साली पुनर्वसनाविषयी प्रतिकूल अहवाल दिला आणि पुढच्या वर्षी बँकेचे उरलेले कर्ज भारताने सोडून दिले. त्यानंतर तब्बल पंचवीस वर्षांनी, ८ फेब्रुवारी २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला, कारण त्यांना जमीन मिळालेलीच नव्हती. म्हणजे हे विधान खरे होते.

परंतु त्याच आंदोलनाचे दुसरे एक म्हणणे होते, की नर्मदेचे पाणी कच्छपर्यंत पोहोचणारच नाही. कच्छ शाखा कालव्याचे उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. पाणी उशिरा पोहोचले, कोणाला किती मिळते हा वाद उरला, परंतु पोहोचले. म्हणजे हे विधान तितकेसे खरे ठरले नाही. एकाच चळवळीची एक गोष्ट खरी आणि एक चुकीची! शिक्का मारणाऱ्या पत्रकारितेने यांपैकी कोणती आपणांस वेळेवर सांगितली? विकासविरोधी म्हणणारांनी पहिलीकडे डोळेझाक केली आणि संत म्हणणारांनी दुसरीकडे. शिक्का कार्यकर्त्यावर अन्याय करतो, तसा त्याला फुकटचा आश्रयही देतो. तो नाहीसा झाला, तर काही कार्यकर्त्यांनाही अवघड प्रश्नांना तोंड द्यावे लागेल, आणि ते योग्यच होईल. कॅमेऱ्यासमोर शोभेल असे आंदोलन करण्याचा मोह त्यांनाही सुटलेला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

वृत्तपत्रांची बाजू घेणारे सांगतात, की हाती वेळ नसतो, माणसे कमी असतात, जाहिराती देणारांना दुखवून चालत नाही. अडचणी खऱ्या आहेत. परंतु ज्यांच्याजवळ यांहूनही कमी साधने होती, अशा माणसांनी काय केले, तेही पाहिले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे बारसूच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाविषयी आणि त्याला होणाऱ्या स्थानिक विरोधाविषयी सातत्याने लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांच्या दुचाकीला एका मोटारीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. प्रकल्पाच्या बाजूने उभ्या असलेल्या ज्या इसमाविषयी त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्याला पोलिसांनी खुनाच्या आरोपावरून अटक केली. तालुक्याच्या गावी राहणारा एक बातमीदार जागेवर जाऊन, नावेनिशी लिहितो. मोठ्या शहरातील वातानुकूलित दालनात बसलेल्या संपादकाला मात्र बारसूच्या सड्यावर काय आहे, हे पाहावयास जाण्याइतकी सवड होत नाही. हा फरक साधनांचा म्हणावा काय?

आता आपल्या चंदीगडकडे येतो. येथे बदलून आलेला मराठी माणूस पहिल्या आठवड्यातच सुखना सरोवरावर फिरावयास जातो. १९५८ साली बांधलेले हे सरोवर. त्यामागे अभयारण्य आणि त्यामागे शिवालिकच्या टेकड्या. याच परिसरात, पंजाबच्या हद्दीतील कांसल गावी, टाटा कॅमलॉट या नावाने उंच इमारतींचा एक प्रकल्प योजला गेला होता. ज्या गृहनिर्माण संस्थेची ती जमीन, तिच्या सभासदांत पंजाबचे अनेक आमदार होते. येथील एका वकिलांनी त्याविरुद्ध याचिका केली. तेही एका परीने पर्यावरणाचे कार्यकर्तेच. त्यांना विकासविरोधी म्हणता आले असते, प्रसिद्धीलोलुप म्हणता आले असते. परंतु न्यायालयापुढे ते कोण आहेत, हा प्रश्न गौण होता. प्रश्न होता, अंतर किती? उत्तर निघाले, अभयारण्याच्या सीमेपासून १२३ मीटर. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली परवानग्या रद्द केल्या आणि ५ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. न्यायालयाने जे केले, त्यासाठी न्यायाधीशाचा अधिकार लागला, हे खरे. परंतु '१२३ मीटर' हा आकडा शोधण्यासाठी नकाशा आणि मोजपट्टी एवढेच लागते. ती बातमीदाराजवळही असू शकते.

आपण नोकरदार मंडळी या वादात कोठे बसतो, असे कोणी विचारील. मला वाटते, आपण अगदी मध्यभागी बसतो. वर्तमानपत्रातील मथळा कात्रणात येतो, कात्रणातून टिपणीत येतो, टिपणीतून मसुद्यात जातो, आणि मसुद्यावर सही झाली म्हणजे कोणा वार्ताहराने रात्री अकरा वाजता घाईघाईने लिहिलेला शब्द शासनाच्या स्मृतीत कायमचा जाऊन बसतो. पुढे येणारा अधिकारी त्याला वस्तुस्थिती समजतो. आपण परप्रांती आहोत. येथील गावे आपण पाहिलेली नसतात, भाषाही नीट समजत नाही. आपले ज्ञान बहुतांशी कागदाचे, म्हणून छापील शब्दावर आपला विश्वासही अधिक. याच कारणाने आपण अधिक सावध राहिले पाहिजे.

माझ्यापुरता मी एक नेम केला आहे. निवेदन आले की गोषवाऱ्याच्या ओळीत निवेदन करणाराचे वर्णन लिहावयाचे नाही; त्याची मागणी लिहावयाची. 'अमुक विहिरींपासून सुरुंग दूर लावण्याची विनंती', एवढेच. मागणी मान्य करणे किंवा फेटाळणे वरिष्ठांच्या हाती आहे आणि तेथेच ते असावे. परंतु ती निदान त्यांच्या डोळ्यांपुढे गेली पाहिजे. एका कारकुनाला जे जमते, ते वृत्तपत्रांच्या संपादकांना जमू नये, असे त्यात काही नाही. मथळ्यात माणसाचे नाव ठेवण्याऐवजी त्याचे म्हणणे ठेवावे, त्याखाली दुसऱ्या बाजूचे उत्तर ठेवावे आणि त्याखाली आपण स्वतः काय पाहिले ते लिहावे. यासाठी शूर असावे लागत नाही. प्रामाणिक असले म्हणजे पुरते.

त्या एकोणीस पानी निवेदनाची फाईल अद्याप त्याच कचेरीत आहे. माझी जुनी ओळ खोडून मी नवी लिहिली, पण तोवर दोन उन्हाळे गेले होते. त्या विहिरींचे पुढे काय झाले, हे मला ठाऊक नाही. बदली झाली आणि मी इकडे आलो.